खवल्यांची शेवंती

टाकाऊपासून टिकाऊ ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याच्या घरात टाकण्यासारखं बरंच काही असणार. आमच्या गावात नव्हतं. मी चौथीत असताना मॅडमनी वर्गात सांगितलं, यंदाच्या कला प्रदर्शनाचा विषय 'फुले' आहे, प्रत्येकाने घरातल्या टाकाऊ वस्तूचं एक फूल करायचं, आणि ज्याचं सगळ्यात चांगलं होईल त्याला त्या फुलासोबत गोंदियाला नेणार. पोरं एकमेकांची तोंडं बघत बसली. रिकाम्या बाटलीत आमच्याकडे तेल असायचं, जुन्या लुगड्याची गोधडी व्हायची आणि रद्दी चुलीत जायची. टाकाऊ आणायचं कुठून?

गोंदिया म्हटल्यावर मात्र मी खडबडून जागी झाले. मी गोंदिया पाहिलं नव्हतं. माझं जग आमच्या तलावापासून सुरू व्हायचं आणि कोहमाऱ्याच्या फाट्यावर संपायचं. फाट्यावर माय मासोळी घेऊन बसायची, आणि तिथून पुढे गोंदियाकडे जाणाऱ्या बसेस मी नुसत्या बघायचे. ज्याचं फूल निवडलं जाईल त्याने तिथे मोठ्या हॉलमध्ये आपल्या फुलाशेजारी उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माहिती सांगायची, असं मॅडम म्हणाल्या. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की त्या दिवशी शाळेची खिचडीसुद्धा ताटात तशीच राहिली.

आमचं घर ढिवरांचं. बाप पहाटे तलावात जाळं टाकायचा, माय ती मासोळी विकायची. गावातली घरं आधी, उरलेली फाट्यावर. गावात मासोळी न खाणारी दोन-चार घरं असतील, आणि तीही फोडी बाजूला सारून रस्सा खातात, असं माय सांगायची. गिऱ्हाईक आलं की ती पावशीवर, म्हणजे विळीवर, रोहू धरायची आणि खवले उडवायची. तेवढी एकच गोष्ट आमच्या घरात खरोखर टाकली जायची, आणि तीही रोज, टोपलंभर.

दुसऱ्या दिवशी मी प्लास्टिकच्या पन्नीत मूठभर खवले घेऊन शाळेत गेले. पन्नी उघडली तशी पोरांनी 'ई' केलं. मॅडमनीही पदर नाकाला लावला. मॅडम गोंदियाच्या, रोज ये-जा करणाऱ्या. पण त्यांच्यातलं एक मला तेव्हा फार आवडायचं. त्या पटकन रागावायच्या नाहीत, आधी बघायच्या. त्यांनी एक खवला चिमटीत धरला आणि खिडकीच्या उजेडात नेला.

"अगं, ही तर शेवंतीची पाकळी," त्या म्हणाल्या.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. मॅडमनी मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ शोधून काढला. घरून लिंबं आणली, भांड्याचा साबण आणला. शाळेच्या हापशीवर बसून आम्ही खवले मिठाने चोळले, लिंबाने चोळले, साबणाने धुतले आणि पुन्हा पहिल्यापासून तेच केलं. उन्हात वाळवले की ते वेडेवाकडे होतात, म्हणून सावलीत जुन्या ओढणीवर पसरले. वाळताना खवल्याची कड आपोआप आत वळते, अगदी पाकळीसारखी. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मॅडमनाही माहीत नव्हतं. दोघी एकदमच ओरडलो. निम्मे खवले पिवळ्या रंगाच्या गरम पाण्यात टाकले, निम्मे तसेच पांढरे ठेवले. मधोमध चिकटवायला धानाचे दाणे. देठाला तार आणि तारेवर हिरवा कागद. रंगात हात घालून घालून मॅडमच्या नखांच्या कडा पिवळ्या झाल्या होत्या.

पूर्ण झाला तेव्हा तो शेवंतीचा एक भरगच्च गुच्छ होता. उजेडात धरला की आतून चमकायचा. मॅडमनी त्यात नाक खुपसलं.

"बघ, आहे का वास?"

मीही नाक खुपसलं. नव्हता. मी मासोळीच्या घरातली, मला काय कळणार, म्हणून वर्गातल्या साऱ्या पोरांना हुंगायला लावलं. त्यांनाही आला नाही. आलाच असेल तर लिंबाचा.

मुख्याध्यापक सर येऊन बघून गेले आणि म्हणाले, "बाजारातून आणल्यासारखं वाटते." आमच्या शाळेत याहून मोठं कौतुक नव्हतं. कशाचं केलं, हे त्यांनी विचारलं नाही. माझं नाव वर गेलं.

नाव गेल्यावर मॅडमनी मला गोंदियाला बोलायची वाक्यं पाठ करून दिली. मी "मासोळी" म्हणायचे, त्या "मासा" म्हण म्हणायच्या. मी "मी बनवलो" म्हणायचे, त्या "मी बनवले आहे" म्हण म्हणायच्या. जाता-येता, तलावावर, फाट्यावर मी तेच घोकत होते: नमस्कार, हा शेवंतीचा गुच्छ मी माशांच्या खवल्यांपासून तयार केला आहे. फाट्याजवळच्या धाब्यावरच्या पोरांना माझं ते भाषण पाठ झालं होतं. मायने सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं होतं, आमची पोरगी गोंदियाले जाऊन राहिली.

प्रदर्शनाच्या आधी शाळेत गॅदरिंग आलं. गोंदियाच्या एका राइस मिलवाल्या शेठजींनी शाळेला पाण्याचा फिल्टर दिला होता, त्याचंही उद्घाटन त्याच दिवशी होतं. मंडप घातला. स्टेजच्या बाजूला टेबलावर मुलांची फुलं मांडली, सगळ्यात पुढे माझा गुच्छ. गाव लोटलं. मायसुद्धा त्या दिवशी फाट्यावर गेली नाही, लग्नातलं लुगडं नेसून मागे खांबाशी उभी राहिली.

आपल्याकडे कार्यक्रम म्हणजे सत्कार. स्टेजवर जो बसला त्याच्या हातात पुष्पगुच्छ पडलाच पाहिजे. नाही पडला तर तो माणूस मरेपर्यंत विसरत नाही. सरांनी माणसं मोजून गुच्छ मागवले होते. पण शेठजींनी सोबत आपल्या साडूला आणलं, साडूसाठी खुर्ची आली आणि एक गुच्छ कमी पडला. सरांची धांदल उडाली. इकडे-तिकडे बघताना त्यांची नजर टेबलावर गेली, आणि त्यांना ते सुचलं ज्याबद्दल त्यांना त्या क्षणी स्वतःचाच अभिमान वाटला असणार. बाजारातला गुच्छ साडूला द्यायचा, आणि खुद्द शेठजींना चिमुकलीच्या हातचा.

"जा, शेठजींना दे," त्यांनी माझा गुच्छ माझ्याच हातात ठेवला.

"सर, हा गोंदियाले जाणार आहे."

"शेठजी कुठले आहेत? गोंदियाचेच ना? जा."

मी स्टेजवर गेले. शेठजींनी हात पुढे केले, मीही केले. पण माझ्या बोटांनी देठ सोडलेच नाहीत. त्यांनी ओढला, मी धरून ठेवला. लोक हसायला लागले. शेठजीही हसले. माणूस तसा हसरा होता.

"छोड बेटा, मेरे को देने के लिए लाई है ना?"

मी सोडला. त्यांनी गुच्छ कपाळाला लावला, मग नाकाला, आणि हातात फिरवून फिरवून बघत राहिले. इतर पाहुण्यांनी आपले गुच्छ केव्हाच खुर्चीखाली सरकवले होते. हे मात्र खरंच बघत होते. माझ्या त्या गुच्छाकडे नंतर कुणीही तसं बघितलं नाही, हे मी आज त्यांचा कितीही राग आला तरी नाकारू शकत नाही.

"बहुत बढ़िया! किस चीज का है? सीप का है क्या?"

त्यांना ते शिंपल्यांचं वाटलं होतं. सरांनी कौतुकाने माइक माझ्या तोंडाशी धरला. माइक, स्टेज आणि समोर गाव. मला वाटलं, गोंदिया इथेच आलं. मी छाती पुढे काढली आणि एकाही शब्दाला न अडखळता म्हटलं, "नमस्कार. हा शेवंतीचा गुच्छ मी माशांच्या खवल्यांपासून तयार केला आहे."

मला टाळ्यांची अपेक्षा होती.

"मछली का?" शेठजी म्हणाले.

त्यांनी गुच्छ दोन बोटांत धरून खाली ठेवला. टेबलावर नाही, जमिनीवर. मग हात अंगापासून लांब धरून बसले, जणू ते हात दुसऱ्या कुणाचे आहेत. सर पाणी आणायला धावले, कुणी साबण आणला. उद्घाटन व्हायच्या आतच त्या नव्या फिल्टरचं पाणी काढावं लागलं. शेठजींनी हात धुतले, मग कपाळ धुतलं, मग नाक. साडूने न धरलेला गुच्छही त्याला बाधला असावा, कारण त्यानेही हात धुतले.

"कोई बात नहीं, बच्ची है," शेठजी म्हणाले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्या गुच्छाला वास नव्हता. मी बोलेपर्यंत नव्हता. मी बोलले आणि सगळ्या मंडपाला एकदम वास आला. सरपंचांनी खिशातून रुमाल काढून नाकावर धरला. आदल्या संध्याकाळी मायने त्यांच्या घरी कतला कापून पोचवला होता, डोकं वेगळं बांधून द्या म्हणून त्यांच्या मंडळींनी मुद्दाम सांगितलं होतं. पहिल्या रांगेतल्या बायांनी पदर लावले. त्यातल्या एकूणएक बाईच्या चुलीवर आमची मासोळी शिजायची. शेठजींना वास आला म्हटल्यावर आपल्याला न येऊन कसं चालेल? पोरं तर काय, 'ई' करायला टपलेलीच होती.

सर मॅडमकडे वळले. माइक अजून त्यांच्या हातात चालूच होता. "मॅडम, तुम्हाला माहीत होतं का हे?"

मी मॅडमकडे बघितलं. माझा जीव भांड्यात पडला होता. आता मॅडम सांगतील, की आम्ही किती वेळा धुतले, की वास अजिबात नाही, की सर, तुम्हीही हुंगून बघा. मॅडमनी आधी शेठजींकडे बघितलं, मग सरांकडे. माझ्याकडे बघितलंच नाही.

"नाही सर," त्या म्हणाल्या. "मला वाटलं प्लास्टिकचं आहे. मुलीनं काही सांगितलंच नाही."

माइकवरून ते शेवटच्या खांबापर्यंत ऐकू गेलं. हात त्यांनी पदरात गुंडाळून घेतले होते. नखं दिसत नव्हती.

मला रडू आलं नाही. मला त्यांच्या हाताला चावावंसं वाटलं. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की दात शिवशिवतात. शेठजींनी जे केलं ते त्यांच्या सवयीने केलं, गावाने केलं ते गावाच्या सवयीने. मॅडमनी विचार करून केलं. विचार करताना मी त्यांना बघितलं होतं.

सूत्रसंचालक गुरुजींनी वेळ मारून नेली. "आता आपण शेठजींचं शब्दसुमनांनी स्वागत करू या," म्हणून त्यांनी चार ओळी फेकल्या, टाळ्या झाल्या, आणि कार्यक्रम पुढे सरकला. शिपायाने सुपलीत घेऊन माझा गुच्छ शाळेमागच्या खड्ड्यात टाकला, जिथे उरलेली खिचडी टाकायचे. मी मागे गेले. कुत्री आली होती. त्यांनी गुच्छ हुंगला आणि खिचडीकडे वळली. साऱ्या गावात तेवढ्यांनाच वास आला नाही.

मी तो उचलणार तेवढ्यात मायने मागून माझं बखोट धरलं. घरापर्यंत तिने मला तसंच ओढत नेलं. घरात गेल्यावर तिने मला एक ठेवून दिली.

"कायले बोललीस?"

"त्याईनंच इचारलं."

"त्यानं सीप म्हणलं होतं ना? हो म्हणून टाकाचं होतं. सीप बी पाण्यातलीच अस्ते. त्याले सीप चालते."

"मॅडमनंच तसं बोलाले शिकवलं."

"मॅडम शिकवन. उद्या फाट्यावर कोणी मासोळी नाही घेतली तं मॅडम घेन का?"

मी म्हटलं, मी खोटं काऊन बोलू? तेव्हा दुसरी बसली. मला वाटतं मायला माझा राग आला नव्हता. ती लग्नातलं लुगडं नेसून गेली होती आणि त्याच लुगड्यात तिला सगळ्यांदेखत खाली बघावं लागलं होतं. पण राग काढायला तिच्या हाताशी मीच होते. ती लुगडं बदलत होती तेवढ्यात सरपंचांच्या घरून माणूस आला. रात्री जेवायला मंडळी आहेत, मोठी बघून द्या. मायने पावशी घेतली, मोठी बघून कापली, डोकं वेगळं बांधलं. त्यातला एक काटा त्यांच्या घशात आडवा जावा अशी मी मनापासून इच्छा केली. गेला नाही. दुसऱ्या दिवशी सरपंच चौकात ठणठणीत उभे होते.

शाळेत माझ्या बाजूची मुलगी दप्तर घेऊन पुढे सरकली. खिचडीसोबत घरचा डबा खाताना पोरं मला बघून नाक धरायची आणि आपापल्या डब्यातली मासोळी खायची. मी त्यांच्यावर डबा उपडा केला तर मलाच दाराबाहेर उभं केलं. उभं मॅडमनीच केलं. पोरांना त्या काहीच बोलल्या नाहीत.

प्रदर्शनाच्या आधी मॅडमनी मला एकटीला बोलावलं. मला वाटलं, आता तरी सॉरी म्हणतील. त्यांनी पिशवीतून पांढऱ्या फोमचे ताव काढले.

"तुझं नाव ऑनलाईन गेलंय, आता बदलता येत नाही. सर फार चिडलेत. याची शेवंती कर. तुझ्या हाताला सवय आहे."

"टाकाऊचं करायचं होतं ना?"

"कोण विचारतंय? कर."

ते ताव गोंदियाच्या दुकानातून नवेकोरे आणलेले होते. मी ते त्यांच्या अंगावर फेकायला हवे होते, असं आज हे वाचणाऱ्याला वाटेल. वाटू दे. मला गोंदियाला जायचं होतं. अपमान मला कळत नव्हता असं नाही, चांगला कळत होता. पण गोंदिया त्याहून मोठं होतं, आणि तिथे जायला दुसरी बस नव्हती. मी फोम कापला, चिकटवला. फोमची पाकळी वळत नाही. ती कानासारखी ताठ उभी राहते. झालेलं फूल मला स्वतःलाच बघवत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "छान, स्वच्छ दिसतंय."

जायच्या दिवशी मायने पहाटे चुलीवर पाणी तापवलं आणि मला घासून आंघोळ घातली. साबण लावला, मग लिंबाची फोड घेऊन कोपरापर्यंत चोळली, मग पुन्हा साबण. हात लालेलाल झाले. मी ओरडले तर म्हणाली, "गुपचूप ऱ्हाय." केसांना तेल लावून घट्ट वेण्या घातल्या. फाट्यावर ती टोपलं घेऊन बसायची जागा सोडून चार पावलं पुढे, मला बसमध्ये बसवायला आली. मला न्यायला पहिल्या बसने आलेल्या मॅडम परतीच्या त्याच बसच्या खिडकीत होत्या. मायने त्यांना नमस्कार केला.

गोंदिया मी बघितलं. स्टेशनच्या बाजूने गेलो, मिलची धुराडी बघितली, ऑटोवाले एकमेकांवर ओरडत होते ते बघितलं. मला ते सगळं आवडलं. हॉल खरंच मोठा होता, वर पंखे, लांबच लांब टेबलं, आणि टेबलांवर कागदाची, चमच्यांची, झाकणांची, मक्याच्या सालांची फुलं. एका टेबलावर माझ्या नावाची चिठ्ठी होती. मी फूल तिच्याशेजारी ठेवलं आणि फुलाशेजारी उभी राहिले. वाईट फूल होतं, पण जागा माझी होती. हात मागे बांधून मी नवी वाक्यं मनात म्हणत होते, त्यात खवले नव्हते.

दार उघडायला थोडा वेळ होता. मॅडमनी आजूबाजूला बघितलं आणि पर्समधून सेंटची छोटी बाटली काढली. फुलावर दोन फवारे मारले. मला वाटलं, शोभेसाठी असेल.

"हात पुढे कर," त्या म्हणाल्या.

"मॅडम, हे फोमचं आहे."

"माहीत आहे मला. हात दाखव."

मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी तळव्यांवर फवारलं, उलटे करायला लावून वरून फवारलं. लिंबाने सोललेल्या जागी ते झोंबलं. मग फ्रॉकवर, मग दोन्ही वेण्यांवर. अगदी हलक्या हाताने, माझ्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळाला आपला हात आडवा धरून. त्या मला कधी वाईट बोलल्या नाहीत, तेव्हाही बोलल्या नाहीत. बाटली पर्समध्ये ठेवून त्यांनी माझी कॉलर सारखी केली.

दार उघडलं, लोक आत आले. एक बाई आपल्या मुलीचा हात धरून आमच्या टेबलापाशी थांबली. फुलाकडे तिने नीटसं बघितलं नाही. खाली वाकून तिने श्वास घेतला आणि माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "कितनी अच्छी खुशबू आ रही है."

मॅडमनी मला कोपराने ढोसलं. मी थँक यू म्हटलं.